कोऱ्या चहाची चव कशी घ्यायची: सुटी पत्ती, फुलं आणि पाला

दुधात उकळलेल्या चहावर वाढलेल्या माणसापुढे दार्जिलिंगचा कोरा कप ठेवला की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: "हे तर नुसतं गरम पाणी!" दोष जिभेचा नाही, सवयीचा आहे. आपल्या डब्यातली चहा पावडर सीटीसी पद्धतीची असते. दातेरी रुळांतून पान चिरडून, फाडून त्याचे बारीक दाणे करायचे, ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली. या दाण्यांतून कमी वेळात गडद रंग आणि कडक चव उतरते. दूध, साखर, आलं, वेलची सगळं पचवून वर उरणारा हा चहा. त्यात दुधातलं केसिन तुरटपणा बांधून ठेवतं, म्हणून पाच मिनिटं खळखळ उकळूनही तो घशाखाली सुखाने उतरतो. अख्ख्या पानाच्या चहाला अशी उकळी दिली की उरतो फक्त कडूजार काढा. (अमृततुल्यवाल्याच्या पातेल्याला यातला एकही नियम लागू नाही. ती कला वेगळी.)

त्यामुळे अनोळखी चहा एकटा पिऊन त्याच्याबद्दल मत बनवायचं नाही. तीन कप शेजारी शेजारी मांडायचे, सगळ्यांना सारखंच माप, सारखंच पाणी, सारखाच वेळ द्यायचा आणि फरक शोधायचा. एकट्या कपात "चहासारखा चहा" लागणारी गोष्ट दुसऱ्या कपाशेजारी लगेच बोलू लागते.

पहिले तीन कोणते?

परदेशी नावांच्या मागे लागण्याआधी एकाच देशातले तीन काळे चहा घ्या: दार्जिलिंग फर्स्ट फ्लश, आसाम ऑर्थोडॉक्स सेकंड फ्लश आणि निलगिरी ऑर्थोडॉक्स. फर्स्ट फ्लश म्हणजे हिवाळ्यानंतरची पहिली खुडणी, साधारण मार्च-एप्रिलची. सेकंड फ्लश मे-जूनची. ऑर्थोडॉक्स म्हणजे चिरडलेला नाही, वळलेल्या पानाचा. तिघांत इतका फरक आहे की पहिल्याच बैठकीत तो सापडतो आणि हुरूप येतो.

दुसऱ्या बैठकीला झाड तेच, पण प्रक्रिया वेगळी: एक हिरवा चहा (कांगड्याचा चालेल), एक ऊलाँग, एक काळा. हिरव्या चहात पान खुडल्यावर लगेच तापवतात, म्हणून ते काळं पडत नाही. जपानात वाफ देतात, चीनमध्ये बहुधा कढईत परततात. त्यामुळे जपानी सेन्चाला उकडलेल्या पालकाचा, समुद्री शेवाळाचा वास येतो, तर चिनी हिरव्याला भाजलेल्या शेंगदाण्याचा किंवा हरभऱ्याचा. ऊलाँग अर्धवट काळवंडू दिलेला आणि काळा चहा पुरता काळवंडलेला असतो. कापलेलं सफरचंद उघड्यावर लालसर पडतं, तोच प्रकार.

धुरकट लॅपसांग सूचाँग, मातकट पु-अर (मुरवलेला चिनी चहा), मोगऱ्याचा चहा हे तिसऱ्या बैठकीला. हो, मोगऱ्याचाच. पाकिटावर "जस्मिन" लिहिलेलं असलं तरी त्यात बहुतेक आपला मोगराच असतो. संध्याकाळी कळ्या पत्तीवर पसरतात, रात्री त्या उमलतात, पत्ती वास शोषून घेते, मग फुलं काढून टाकतात. उत्तम चहात हे पुन्हा पुन्हा करतात. म्हणून पाकिटात पाकळ्या जास्त दिसल्या म्हणजे माल भारी, असं नाही.

प्रत्येकी २५ ग्रॅमहून जास्त घेऊ नका. त्यात ८ कप होतात आणि मत बनायला तेवढे पुरतात. पाकिटावर मळ्याचं नाव, खुडणीचा महिना आणि वर्ष आहे का बघा. एफटीजीएफओपी वगैरे अक्षरांची माळ पानाचा आकार आणि दिसणं सांगते, चवीची हमी देत नाही. "फ्लेवर्ड" शब्द दिसला तर वास वरून लावलेला आहे. त्यात वाईट काही नाही, पण पान ओळखायच्या बैठकीत तो नको. दार्जिलिंगवर टी बोर्डाची खूण शोधा: हातात चहाचं पान धरलेली स्त्री. दार्जिलिंग चहाला २००४-०५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भारतातलं ते पहिलं.

सुट्या पत्तीला रंग लावल्याची शंका आली तर पांढरा गाळणकागद घ्या, त्यावर पत्ती पसरा, कागद भिजेल इतकं पाणी शिंपडा. थोड्या वेळाने पत्ती झटकून कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरा. डाग राहिले तर ती पत्ती फेका.

सामान आणि पाणी

तीन सारख्याच पांढऱ्या कपबश्या. पांढऱ्या यासाठी की रंग खरा दिसतो. बशी झाकणाचं काम करते. तीन वाट्या किंवा पेले गाळून घ्यायला, बारीक जाळीची गाळणी, मोबाइलचा टायमर, आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला डिजिटल काटा. काट्यावर कंजुषी करू नका. चमचा इथे फसवतो: एक चमचा सीटीसी अडीच-तीन ग्रॅम भरते, तोच चमचा पांढऱ्या चहाच्या (दुधाचा नव्हे, कोवळ्या कळ्या-पानं नुसती वाळवून केलेला) फुगीर पानांचा जेमतेम एक ग्रॅम. "पांढरा चहा पाणचट लागतो" ही तक्रार बहुतेक वेळा चमच्याची असते.

पाण्याने चहा जितका बिघडतो तितका दुसऱ्या कशानेच नाही. बोअरवेलच्या जड पाण्यात चहाचा रंग मंद आणि मळकट होतो, वर तपकिरी तवंग येतो, आणि कप रिकामा झाल्यावर कडेला कडं राहतं. तो तवंग म्हणजे पाण्यातला चुना आणि चहातली द्रव्यं यांची साय. लिंबाचा थेंब टाकला की ती फुटते, पण मग चवही लिंबाचीच. उलट आरओ यंत्राने पाण्यातले क्षार फारच काढून टाकले तर चहा सपाट लागतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, ५० ते १५० च्या आसपास असेल तर उत्तम. आरओचं पाणी ३० च्या खाली दाखवत असेल तर त्यात थोडं पालिकेचं गाळलेलं, उकळलेलं पाणी मिसळून बघा. पुन्हा पुन्हा उकळलेलं पाणी नको, दर वेळी ताजं घ्या.

तापमानासाठी थर्मामीटर लागत नाही. आधण आलेलं पाणी आणि पिण्याचं साधं पाणी मिसळायचं. ६ भाग आधण आणि १ भाग साधं: सुमारे ९० अंश. ३ ला १: सुमारे ८०. २ ला १: सुमारे ७५. हा हिशेब खोलीतलं पाणी २७ अंशांच्या आसपास धरून आहे. महाबळेश्वरसारख्या उंचावर पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं, तिथे साधं पाणी थोडं कमी घाला. कप आधी गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर थंड चिनीमाती पाण्यातली ऊब पहिल्या मिनिटातच खाऊन टाकते.

काळा आसाम आणि निलगिरी थेट आधणात. दार्जिलिंग फर्स्ट फ्लशला ९० अंश, कारण हा नावाला काळा चहा असला तरी पुरता काळवंडलेला नसतो. पान हिरवट दिसतं ते म्हणूनच. ऊलाँग ९० ते ९५, चिनी हिरवा ८०, सेन्चा ७० ते ७५, पांढरा ८० ते ८५, पु-अर आधणात, तोही पहिलं पाणी दहा सेकंदांत ओतून टाकून. पहिल्या बैठकीत मात्र तिघांनाही ९० अंश द्या. सारखेपणा मोडला तर तुलना कशाशी करणार?

प्रत्यक्ष बैठक

जेवणानंतर दोन तासांनी बसा. लसूण, पान-तंबाखू, पुदिन्याची टूथपेस्ट, अत्तर, उदबत्ती यातलं काही आसपास नको. तोंड साफ करायला साधं पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे.

प्रत्येक कपासाठी ३ ग्रॅम पत्ती मोजा आणि आधी ती कोरडीच हुंगा. मग कप विसळल्यावर, अजून गरम असताना पत्ती टाकून अर्धं मिनिट झाकून ठेवा आणि झाकण किलकिलं करून पुन्हा हुंगा. कोरड्या पानात दडलेला वास ऊब लागली की वर येतो. मग १५० मिलिलिटर पाणी ओता, बशी झाका, ३ मिनिटं. चहा तपासणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय पद्धत १०० मिलिलिटरला २ ग्रॅम, उकळतं पाणी आणि ६ मिनिटं अशी आहे. माप आपण तेच घेतलं, वेळ अर्धा केला. त्यांना चहातले दोष उघडे पाडायचे असतात, आपल्याला तो प्यायचा असतो.

तीनही कप अर्ध्या मिनिटाच्या अंतराने ओता, म्हणजे गाळायलाही तेवढीच सवड मिळते. गाळताना शेवटचा थेंबही उतरू द्या. पत्तीत पाणी राहिलं तर दुसऱ्या खेपेला ती आधीच कडवट झालेली असते.

आता चोथ्याकडे पाहा. बहुतेक लोक तो थेट कुंडीत टाकतात आणि निम्मी माहिती गमावतात. चांगल्या ऑर्थोडॉक्स चहाचा चोथा बोटाने उलगडला की दोन पानं आणि एक कळी एकाच देठाला दिसतात. पानांचा रंग एकसारखा आहे की कुठे करपलेला? गोळीसारखं वळलेलं ऊलाँग पहिल्या खेपेला अर्धंच उलगडतं, त्याची खरी चव दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला येते. हे ठाऊक नसल्याने कितीतरी भारी ऊलाँग पहिल्याच पाण्यावर बाद होतात.

चव घेण्याआधी कप निवू द्या. वाफाळत्या चहात जिभेला भाजण्यापलीकडे फारसं कळत नाही, आणि ६५ अंशांहून गरम पेयं आरोग्यालाही घातक ठरू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं आहे. मग चमचाभर चहा घ्या आणि भुरका मारा. चारचौघांत वर्ज्य असलेला, आवाज करणारा, मोकळा भुरका. हवेबरोबर चहाचे तुषार तोंडभर उडतात आणि वास घशाच्या मागून नाकात चढतो. चवीचा मोठा हिस्सा हा वासच असतो. पटत नसेल तर एक घोट नाक दाबून घ्या आणि मग नाक सोडा.

घोट गिळल्यावर दहा सेकंद थांबा. काय रेंगाळतं? मग कप कोमट झाल्यावर पुन्हा, गार झाल्यावर पुन्हा. गार चहा खोटं बोलत नाही: करपटपणा, साठवणीचा कुबट वास, सगळं वर येतं. मात्र कडक आसाम गार होऊन गढूळ झाला तर तो दोष नव्हे. त्यातलं कॅफिन आणि रंगद्रव्यं थंडीत एकमेकांना धरतात, म्हणून तसं दिसतं.

तुरट म्हणजे कडू नव्हे

चवीच्या नोंदींत मराठी माणसाचं एक बरं आहे. तुरट हा शब्द त्याला लहानपणीच मिळालेला असतो. कडू जिभेवर, मागच्या बाजूला, घशाकडे ओढ घेतं: कारलं, मेथी. तुरट ही चव कमी आणि स्पर्श जास्त: कच्चं केळं, सुपारी, अर्धकच्चं जांभूळ. गाल आत ओढल्यासारखे होतात, जीभ खरखरीत होते. काळ्या चहात थोडा तुरटपणा हवाच, त्यानेच चहा तरतरीत लागतो. तुरटपणा घोटाबरोबर विरून गोडसर ओलावा सुटला तर चहा चांगला. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर लागतं तसं. तोंड कोरडंच राहिलं तर चहा जास्त मुरला, किंवा पानच हलकं.

विलायती पुस्तकी शब्दांच्या मागे लागू नका. "माल्टी" म्हणजे काय याचा विचार करत बसण्यापेक्षा मोड आणून भाजलेल्या नाचणीचा वास आठवा, आसाम तिथेच सापडतो. दार्जिलिंग सेकंड फ्लशची प्रसिद्ध "मस्कटेल" चव म्हणजे पिकलेल्या, वासाच्या द्राक्षांची. त्या दिवसांत तुडतुड्यांसारखे किडे कोवळं पान चावतात आणि झाड प्रतिकारासाठी जी द्रव्यं बनवतं त्यांतून हा वास येतो. लॅपसांग सूचाँग पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला असतो, पावसाळ्यातल्या चुलीजवळ बसलेल्याला तो शिकवावा लागत नाही. होजिचा या भाजलेल्या जपानी हिरव्या चहाला फुटाण्यांचा वास येतो, गेनमाइचात तर भाजलेला तांदूळच घातलेला असतो, म्हणून त्याला लाह्यांचा वास. पु-अर म्हणजे पहिल्या पावसानंतरची माती आणि माळ्यावरचं जुनं लाकूड. काहींना तो आयुष्यभर आवडत नाही, आणि त्यात कमीपणा नाही.

नोंद दोन-चार ओळींचीच असावी, पण आकडे हवेत. अशी:

दार्जिलिंग फर्स्ट फ्लश. ३ ग्रॅम, १५० मिलि, ९० अंश, ३ मिनिटं. कोरडं पान हिरवट, सुकल्या गवताचा वास. चहा फिकट सोनेरी. पहिला घोट कोवळ्या मटाराच्या शेंगेसारखा, मग लिंबाच्या सालीचा वास. तुरट बऱ्यापैकी, गालांत. गार झाल्यावर मधासारखा. पुढच्या वेळी अडीच मिनिटं.

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलायची. वेळ आणि तापमान दोन्ही बदललं तर सुधारलं कशाने ते कधीच कळत नाही. हिरवा चहा कडू झाला तर आधी पाणी दहा अंशांनी उतरवा. काळा कडू झाला तर वेळ कमी करा. चहा पाणचट लागला तर वेळ वाढवू नका, पत्ती वाढवा, कारण वेळ वाढवली की दाटपणाआधी तुरटपणा उतरतो.

फुलापानांचे चहा

गवती चहा, तुळस, कॅमोमाइल, रुइबॉस यांत चहाचं झाड नाहीच. आयुर्वेदात यासाठी तीन शब्द तयार आहेत आणि ते आजही चोख लागू पडतात. फांट: पाला-फुलांवर गरम पाणी ओतून झाकून ठेवायचं. क्वाथ, म्हणजे काढा: मुळं, साली उकळून आटवायच्या. हिम: थंड पाण्यात रात्रभर भिजवायचं. पान उकळलं तर वास उडतो, मुळी नुसती भिजवली तर काहीच उतरत नाही. नवा कुठलाही पदार्थ हाती आला की तो मऊ आहे की टणक एवढं बघा, पद्धत ठरली.

गवती चहाची हातभर लांब तीन-चार ताजी पानं कात्रीने बारीक कापा, २०० मिलि आधण ओता, ५ मिनिटं झाका. झाकण महत्त्वाचं, कारण लिंबासारखा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो. झाकणाच्या आत जमलेले थेंब परत कपात पाडा. कॅमोमाइलची दीड-दोन ग्रॅम फुलं तेवढ्याच पाण्यात ५ मिनिटं. त्यापुढे कडवटपणा येतो. वास पिकलेल्या सफरचंदासारखा. हे फूल शेवंतीच्या कुळातलं, त्या कुळाची ॲलर्जी असेल तर दूर राहा. रुइबॉस दक्षिण आफ्रिकेतलं झुडूप, कॅफिन नाही, ७ मिनिटं ठेवलं तरी कडू होत नाही आणि दूधही सोसतं. रात्रीच्या चहाची तलफ भागवायला याहून बरं काही नाही. दक्षिण अमेरिकेतला येर्बा माते मात्र या रांगेत बसत असूनही कॅफिनवाला आहे, रात्री नको.

"हिबिस्कस टी" पाहून अंगणातली जास्वंद तोडायला जाऊ नका. तो लाल आंबट चहा लाल अंबाडीच्या बोंडांचा. वाळलेली बोंडं २ ग्रॅम, २०० मिलि आधण, ५ ते ७ मिनिटं. शेजारी आमसुलाचं पाणी ठेवून चाखा, दोन आंबटांतला फरक छान कळतो: आमसूल खोल आणि किंचित खारवलेलं, अंबाडी लख्ख आणि बोरांसारखी. रक्तदाबाचं औषध चालू असेल तर रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोकर्णाच्या निळ्या चहाचा गाजावाजा रंगासाठी. लिंबू पिळलं की निळा जांभळा होतो, पोरं खूश होतात, पण चव जवळजवळ नाहीच.

आलं, दालचिनी, ज्येष्ठमध असल्या टणक गोष्टी ठेचून ५ ग्रॅम, ३०० मिलि पाण्यात मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, २०० उरेपर्यंत. ज्येष्ठमध रोज आणि भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढतो. वजन उतरवणाऱ्या चहांत सोनामुखी आहे का ते वाचा. असली तर ते रेचक आहे, चहा नव्हे. गरोदर बाईने किंवा रोजची औषधं घेणाऱ्याने नवा पाला सुरू करण्याआधी विचारावं. फुलवाल्याकडची फुलं कधीच नकोत, त्यांवर फवारणी असते. आणि ओळख पटल्याशिवाय कुंपणावरचं काहीही तोडून कपात टाकू नये, कण्हेरही दिसायला सुंदरच असते.

उघड्यावर वाळवलेला पाला थंड पाण्यात रात्रभर ठेवण्याऐवजी आधणच बरं. त्यातले बहुतेक जंतू त्याने मरतात. हिम करायचाच तर निलगिरीच्या काळ्या चहाचा करा: लिटरला ८ ग्रॅम पत्ती, फ्रिजमध्ये ७-८ तास. तुरटपणा जवळजवळ शून्य, आणि हा चहा सहसा गढूळ होत नाही.

डबा आणि शेवटची परीक्षा

चहा वास ओढतो. मसाल्याच्या कपाटात आठवडाभर ठेवलेला सेन्चा गोडा मसाला होतो. घट्ट झाकणाचा, अपारदर्शक, भरत आलेला छोटा डबा घ्या. रिकामी जागा म्हणजे हवा. कोकणातल्या पावसाळ्यात पत्ती चिमटीत चुरून बघा: कुरकुर मोडली तर ठीक, वाकली तर ओल लागली. बुरशीचा वास आला तर भाजून वाचवायच्या फंदात पडू नका. फ्रिजमधला डबा बाहेर काढून लगेच उघडला तर आत पाणी सुटतं, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. हिरवा चहा सहा महिन्यांत संपवा.

महागडा चहा खरंच वेगळा लागतो का, हे तपासायला तीन कप पुरतात. दोन कपांत एकच चहा, तिसऱ्यात दुसरा. कपांच्या बुडाला खुणा लावून घरातल्या दुसऱ्या कुणालातरी जागा बदलायला सांगा आणि वेगळा कप ओळखा. एकदा ओळखला तर तो तीनात एक असा नशिबाचा भागही असू शकतो, म्हणून पाच फेऱ्या करा. नुसत्या अंदाजाने पाचात चार किंवा जास्त वेळा बरोबर येण्याची शक्यता शंभरात चार-पाचच असते. चार वेळा जमलं तर फरक बहुधा खरा आहे. नाही जमलं तर स्वस्त पाकीट घ्या.